परूश्यांच्या नावाने

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला परूशी कोण, हे वेगळे शिकवावे लागत नाही. रविवारच्या शाळेत आणि उपवासकाळातल्या उपदेशात तो लहानपणापासून भेटत आलेला असतो. पुदिना-बडीशेपेचाही दशांश मोजून देणारा, हात न धुता जेवणाऱ्याकडे पाहून नाक मुरडणारा, चव्हाट्यावर उभा राहून लांबलचक प्रार्थना करणारा आणि विधवांची घरे गिळणारा. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी शुभवर्तमानांत खरोखरच परूश्यांविषयी आहेत. तिसरी नुसत्या ढोंग्यांविषयी आहे, आणि चौथी मार्काच्या बाराव्या अध्यायात शास्त्र्यांविषयी. पण लोकांच्या मनातला परूशी दुसऱ्यांची पापेही आपल्या पदरात घेऊन बसला आहे, आणि त्याची झडती घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. पुढच्या प्रकरणांत ती झडती घेतली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ख्रिस्ती परंपरेने परूश्यांवर जो निकाल दिला तो देताना तिच्यासमोर बहुतेक वेळा परूशी नव्हताच. समोर असे तो त्या त्या काळचा तिचा स्वतःचा प्रतिपक्षी, आणि त्याच्या अंगावर परूश्याचा झगा चढवलेला असे. महाराष्ट्रात हा झगा ब्राह्मणाच्या अंगावर चढला. ज्यांच्या घरात परूश्यांचा वारसा खरोखर नांदत होता ते कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल यहुदी हाकेच्या अंतरावर राहत होते, मराठी बोलत होते, आणि त्यांची साक्ष कोणी काढली नाही.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करायला हवी. परूशी हा पुरोहितांचा पंथ नव्हता. त्यांच्यात काही पुरोहित होते, पण पंथाची ताकद पुरोहितपणात नव्हती. यरुशलेमचे मंदिर, तिथले यज्ञ, तिथला पैसा आणि रोमन अधिकाऱ्यांशी चालणारी बोलणी हे सगळे महायाजकांच्या मोजक्या घराण्यांच्या हाती होते, आणि त्या घराण्यांचा कल सदूकी पंथाकडे होता. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस हेरोद राजाच्या काळातल्या परूश्यांची संख्या ६,००० हून थोडी अधिक सांगतो. एवढ्या लहान गटाला राज्यकर्ते बिचकत, कारण सामान्य लोक त्यांच्या बाजूने असत, हेही तोच सांगतो. त्यांची भिस्त होती लेखी नियमशास्त्राच्या जोडीला वाडवडिलांकडून तोंडी चालत आलेल्या परंपरेवर. सदूक्यांना ही परंपरा मान्य नव्हती, आणि मेलेले पुन्हा उठतील हेही मान्य नव्हते. परूश्यांना दोन्ही मान्य होते. मंदिरात याजकाने जे पावित्र्य राखायचे ते गृहस्थाने आपल्या घरी, आपल्या ताटापाशी राखावे, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता, असे अभ्यासक जेकब न्यूस्नर यांनी १९७१ च्या त्रिखंडी ग्रंथात मांडले. परूश्यांच्या नावे नोंदलेल्या नियमांपैकी सुमारे दोन तृतीयांश नियम खाणेपिणे, दशांश आणि पंक्ती यांच्याभोवती फिरतात, हा त्यांचा मुख्य पुरावा. ई. पी. सँडर्स यांनी या मोजणीतून काढलेल्या निष्कर्षांवर कडाडून हरकत घेतली. मला त्या वादात सँडर्स यांची सावधगिरी पटते, पण न्यूस्नर यांचा मूळ धागा तुटत नाही. धर्म देवळाच्या गाभाऱ्यातून स्वयंपाकघरात आणणारी ही माणसे होती, एवढे दोघांच्याही मांडणीतून उरते.

शुभवर्तमाने पूर्वग्रह बाजूला ठेवून वाचली तर तिथेही चित्र एकरंगी नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू तीनदा परूश्याच्या घरी जेवायला बसतो, आणि ज्याच्याशी उभा दावा असतो त्याच्या पंक्तीला माणूस तीनदा बसत नाही. हेरोद तुझ्या जिवावर उठला आहे, इथून नीघ, असे येशूला येऊन सांगणारेही परूशीच. पेत्र आणि त्याचे सोबती न्यायसभेपुढे उभे असताना त्यांना सोडून द्या, असा सल्ला देणारा गमलियेल परूशी. पौल न्यायसभेपुढे आपण परूशी आहोत असे सांगतो, 'होतो' असे म्हणत नाही. आणि मार्काच्या शुभवर्तमानात अटकेपासून वधस्तंभापर्यंतची दोन प्रकरणे वाचून काढली तर परूश्यांचे नावही सापडत नाही. तिथे मुख्य याजक आहेत, वडील आहेत, शास्त्री आहेत आणि रोमन सुभेदार आहे. योहानाने अटकेच्या वेळी परूश्यांनी पाठवलेल्या शिपायांचा उल्लेख केला आहे खरा, पण चौकशीच्या वेळी ते त्याच्याकडेही दिसत नाहीत.

मग मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायाचे काय? परूश्यांवरचे सगळ्यांत जहाल शब्द तिथे आहेत, आणि ते बोथट करून दाखवण्यात काही अर्थ नाही. पण त्याच अध्यायाच्या आरंभी, ते शिकवतात तसे करा, ते वागतात तसे वागू नका, अशी सूचना आहे. शिकवण मान्य करून वागणुकीवर ठेवलेला हा ठपका आहे. शिवाय हा मजकूर आज आहे त्या रूपात जुळला तो बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सन ७० नंतर. त्या वर्षी टायटसच्या फौजांनी मंदिर जाळले आणि सदूक्यांच्या पायाखालची जमीनच गेली. इस्राएलाचे पुढे काय, या प्रश्नावर दावा सांगणारे मुख्यतः दोनच गट उरले. एक परूश्यांच्या परंपरेतले रब्बी, दुसरे येशूचे अनुयायी. एका घरातल्या दोघांत वाटणीवरून जी भाऊबंदकी होते तिची ही भाषा आहे, आणि भाऊबंदकीतले बोलणे परक्याने पुरावा म्हणून वापरायचे नसते. ढोंगी परूशी असतात हे परूश्यांच्या वारसांनाही ठाऊक होते. तालमुद या रब्बींच्या ग्रंथात परूश्यांचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची टिंगल केली आहे. यशया आणि आमोस यांनी आपल्याच लोकांना ज्या सुरात झोडपले त्याच सुरातला येशूचा हा आवाज आहे. संकट आले ते हे शब्द त्या घराबाहेरच्या माणसांच्या, आणि पुढे राजसत्तेच्या, हाती गेले तेव्हा.

त्यानंतरची कहाणी मोठी आहे. इथे तिची धावती नोंद पुरे. जॉन ख्रिसोस्तोमने ३८६-८७ मध्ये अंत्युखियात दिलेली प्रवचने त्याच्या मंडळीतल्या अशा माणसांविरुद्ध होती जी यहुद्यांच्या सणांना हौसेने जात. राग आपल्या माणसांवर होता, मार यहुद्यांना बसला. १२४२ मध्ये पॅरिसला तालमुदाच्या पोथ्या गाड्या भरभरून आणून जाळल्या गेल्या. ल्यूथरला परूश्यात आधी रोमचा मठवासी दिसला आणि १५४३ च्या पुस्तकात त्याने उघड यहुद्यांवरच आग ओकली. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्वानांनी हीच जुनी प्रतिमा तळटीपांसह मांडली. एमिल श्यूररने नियमशास्त्राखालचे जीवन म्हणजे कोरडे, ओझ्याने वाकलेले जीवन असे चित्र काढले, आणि पुढच्या दोन पिढ्या इंग्रजी-जर्मन भाष्यग्रंथ ते गिरवत राहिले. आपल्याकडे आलेले मिशनरी याच परंपरेतली भाष्ये वाचून आले होते, हे लक्षात ठेवायला हवे.

या इतिहासाचा एक फाटा मराठी-कोकणी मुलखात फार लवकर पोचला होता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसले. त्याची पहिली झळ पोर्तुगालमधून आलेल्या अशा कुटुंबांना लागली ज्यांच्या वाडवडिलांना बळाने बाप्तिस्मा दिला होता. त्यांच्यावरचे आरोप पाहिले तर त्यांत धर्मसिद्धान्त थोडे आणि घरकाम जास्त. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला, शनिवारी धुतलेले कपडे घातले, डुकराचे मांस टाळले, अमुक दिवशी उपास केला. दिवाणखान्यात ख्रिस्ती आणि स्वयंपाकघरात यहुदी, असा हा संशय होता, आणि स्वयंपाकघर हेच तर परूश्यांनी कमावलेले क्षेत्र. गार्सिया द ओर्ता हा नामांकित वैद्य १५६८ मध्ये मेला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा भारतीय औषधींवरचा संवादग्रंथ आजही वाचला जातो. तो मेल्यावर वर्षभरात त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली. 'क्रिस्तपुराण' रचणारा फादर स्टीफन्स त्याच्या आदल्याच वर्षी गोव्यात उतरला होता. मराठीतली पहिली मोठी ख्रिस्ती काव्यरचना आणि परूश्यांच्या वारश्यावरचा हा खटला एकाच मुलखात, काही दशकांच्या अंतराने घडले. साहित्याच्या इतिहासात आपण पहिली गोष्ट अभिमानाने सांगतो आणि दुसरीचा उल्लेख सहसा टाळतो.

ब्रिटिश अमदानीत आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांकडे जाळायची सत्ता नव्हती आणि तशी इच्छाही नव्हती. त्यांचे हत्यार वादविवाद आणि छापखाना. त्यांना मराठी मुलखात जो प्रतिपक्षी भेटला तो पोथी जाणणारा, सोवळेओवळे पाळणारा, लोकांवर वचक असणारा ब्राह्मण. मराठी नव्या करारात परूश्यांच्या जोडीने येणाऱ्या नियमपंडितांना 'शास्त्री' हेच नाव मिळाले, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात पुण्या-नाशिकचे शास्त्रीबुवा आपोआप उभे राहिले असतील. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. मोरभट दांडेकरांना उत्तर म्हणून हिंदू धर्माचे वाभाडे काढणारे त्यांचे पुस्तक १८३२ चे, आणि बेने इस्राएलांना हिब्रू शिकता यावे म्हणून मराठीत लिहिलेले त्यांचे हिब्रू व्याकरणही १८३२ चेच. एका हाताने ते कल्पनेतल्या परूश्याशी भांडत होते, दुसऱ्या हाताने खऱ्या परूश्यांच्या वारसांना त्यांच्याच ग्रंथांची किल्ली देत होते. या दोन पुस्तकांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे त्यांना वाटल्याचे दिसत नाही. पुढे मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) येशूला पश्चिमेकडचा बळीराजा म्हटले. येशू बळी झाला की त्याचे विरोधक वामनाच्या पक्षात जाणार, हे ओघानेच आले. फुल्यांची मांडणी मिशनऱ्यांची नक्कल नाही, ती त्यांच्या स्वतःच्या लढ्यातून आली आहे. पण तिच्यामुळे परूशी म्हणजे भटशाही हे समीकरण ख्रिस्ती मंडळीच्या बाहेरही पक्के झाले.

हे समीकरण चुकते कुठे? नेमके मर्मस्थानी. ब्राह्मणी वर्चस्वाचा कणा म्हणजे जन्म. विद्या, विधी, दक्षिणा, देवळाचा ताबा, सारे जन्माला चिकटलेले. पहिल्या शतकातल्या यहुदी समाजात या चौकटीत बसणारा कोणी असेल तर तो महायाजकाच्या घराण्यातला सदूकी. त्याचे याजकपण बापाकडून मुलाकडे जाई आणि त्याची सत्ता मंदिराच्या भिंतींना धरून होती. परूश्यांचा सगळा झगडा याच मक्तेदारीशी होता. त्यांच्या परंपरेतून सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नेत एक नियम आहे. निषिद्ध संबंधातून जन्मलेला माणूस विद्वान असेल आणि महायाजक अडाणी असेल, तर मान पहिल्याला आधी द्यावा. हा नियम पेशवाईतल्या एखाद्या धर्मसभेपुढे वाचला असता तर काय झाले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा. परूश्यांच्या कडक पंक्तीत बसायला अटी होत्या, पण त्या दशांशाच्या आणि शुद्धतेच्या होत्या, आणि त्या पत्करणाऱ्या कोणालाही आत येता येई. महाराष्ट्रात त्यांच्याशी तुलना करायचीच, तर ग्रंथ आणि नामस्मरण गृहस्थाच्या ओसरीवर आणणाऱ्या वारकऱ्यांशी ती काही अंशी जुळते. काही अंशीच, कारण वारकरी सोवळे सैल करत गेले आणि परूश्यांनी ते घरोघर नेले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. मी ज्या गावातून लिहितो आहे ते विंचूर पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याच्या जहागिरीचे. इथून पश्चिमेला नाशिक, जिथे काळाराम मंदिराच्या दारासाठी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला आणि दार उघडले नाही. पूर्वेला येवले, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. अहमदनगर जिल्ह्यात तर त्याच्या कितीतरी आधीपासून महार आणि मांग कुटुंबे ख्रिस्ती मंडळीत येत होती. या माणसांनी मत्तयाचा तेविसावा अध्याय ऐकला, स्वर्गाचे दार लोकांच्या तोंडावर बंद करणाऱ्यांना येशूने काय सुनावले ते ऐकले, आणि आपल्या गावातले बंद दार त्यांना आठवले. त्यांच्या हातातले हे शस्त्र आता विद्वत्तेच्या नावाखाली काढून घ्यायचे का? मुळीच नाही. दार बंद करणाऱ्यावर येशूने ओढलेला आसूड त्यांचाच आहे. माझे म्हणणे एवढेच, की तो चालवायला यहुदी माणसाची पाठ लागत नाही. ज्या प्रसंगी येशू खरोखर एका देवळात शिरून तिथला व्यवहार उधळतो, तिथे त्याच्यासमोर मंदिराचे मालक, म्हणजे याजक घराणी होती. काळारामाच्या दाराशी त्या प्रसंगाचे नाते थेट जुळते, आणि त्यात परूश्यांना ओढायची गरज पडत नाही. उलट सदूकी सोडून परूश्यावर हल्ला केला, की मक्तेदारी सुटते आणि नुसती हात धुण्याची टिंगल उरते.

टिंगलीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सोवळ्याकडे नेतो. बाह्य शुद्धी काटेकोर पाळणारा माणूस आतून खोटा असलाच पाहिजे, असे ख्रिस्ती उपदेशात फार सहज गृहीत धरले जाते. याला मराठीतच एक उत्तर आहे, आणि ते एका ख्रिस्ती स्त्रीने दिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'च्या आरंभी नाशिकजवळच्या जलालपूरचे त्यांचे वडील भेटतात. १८५७ नंतरच्या धरपकडीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि तेव्हापासून या गृहस्थांना सोवळ्याने असे काही पछाडले की घरादाराचे हाल झाले. लक्ष्मीबाई हे सांगताना हसवतात, पण वडिलांना ढोंगी म्हणत नाहीत. धक्क्याने हादरलेला माणूस जग पुन्हा स्वच्छ करू पाहतो आहे, हे त्यांच्या लिहिण्यातून कळते. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, जातीपातीचे ओझे स्वतःच्या अंगावरून सावकाश आणि कष्टाने उतरवलेल्या बाईने हे लिहिले आहे. सोवळ्याने तिच्या आईचा किती छळ झाला हे ती लपवत नाही, आणि तरीही खोटेपणाचा आरोप करत नाही. छळ आणि ढोंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला कळले होते. परूश्यांवर लिहिणाऱ्या कित्येक धर्मपंडितांना ते कळले नव्हते.

आता ज्यांची साक्ष राहून गेली त्यांच्याकडे वळतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून आपले पूर्वज आले अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. कोकणातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे, शब्बाथचा विसावा आणि एकमेव देवाची कबुली देणारा शमा, एवढी शिदोरी त्यांनी जपली होती. रब्बींचे ग्रंथ त्यांच्याजवळ नव्हते. तेव्हा यांना परूश्यांचे वारस कसे म्हणता, अशी शंका कोणी काढील. ती योग्य आहे, आणि तिच्यातच या उदाहरणाचे मोल आहे. युरोपात परूशी वारसा आधीच मुरलेला दिसतो. कोकणात तो येताना, घेतला जाताना पाहता येतो. आधी कोचीहून शिक्षक आले. १७९६ मध्ये शमुवेल यहेज्केल दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले, ज्याला लोक जुनी मशीद म्हणू लागले. मग मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, मराठी बायबल आले, विल्सनचे हिब्रू व्याकरण आले. यहुद्यांना हिब्रू कळले की ते संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ख्रिस्ताला ओळखतील, असा मिशनऱ्यांचा हिशेब होता. बेने इस्राएल शिकले, शिक्षकांचे ऋण मानत राहिले, आणि हिब्रूचा उपयोग त्यांनी आपल्या प्रार्थनांसाठी केला. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हाग्गादा १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. परूशी परंपरेचा थोर आचार्य हिल्लेल बेखमीर भाकरी आणि कडू भाजी एकत्र करून खात असे. ती रीत अशी मराठी घरांत आली. योसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. त्या प्रार्थनांत रोज तीनदा म्हटला जाणारा एक आशीर्वाद मेलेल्यांना उठवणाऱ्या देवाचा आहे. हा सदूक्यांविरुद्धचा परूश्यांचा मुद्दा. दर रविवारी मेलेल्यांच्या पुनरुत्थानावरचा विश्वास प्रकट करणारा ख्रिस्ती माणूसही त्या वादात परूश्यांच्याच बाजूने उभा असतो, मग ते त्याला ठाऊक असो वा नसो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बेने इस्राएलांनी पूर्वरंग-उत्तररंगासह योसेफ, मोशे यांची कीर्तने उभी केली. कोरडे, ओझ्याने वाकलेले जीवन असे ज्याचे वर्णन श्यूररने केले, ते त्याच काळात मुंबईत टाळ-पेटीच्या साथीने गायले जात होते.

आणखी एक आक्षेप अलीकडे ऐकू येतो. परूश्यांची ही नवी बाजू म्हणजे नात्झींच्या संहारानंतरची ख्रिस्ती अपराधभावना आहे, संशोधन नाही, असा तो आक्षेप. तारखा त्याला दुजोरा देत नाहीत. अब्राहाम गायगर यांनी परूशी ही सुधारक बाजू होती आणि येशू त्यांच्याच वातावरणातला होता, असे १८६० च्या दशकात मांडले. ते यहुदी होते म्हणून त्यांना बाजूला सारले गेले. जॉर्ज फूट मूर या अमेरिकन ख्रिस्ती विद्वानाने १९२१ मध्ये, यहुदी धर्मावर लिहिणारे ख्रिस्ती लेखक मूळ साधने न वाचता एकमेकांचीच री ओढतात, असे दाखवून दिले. ट्रॅव्हर्स हरफर्ड यांचे परूश्यांवरचे सहानुभूतीपूर्ण पुस्तक १९२४ चे. म्हणजे पुरावा हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच टेबलावर होता. संहाराने एवढेच केले की तो वाचायला चर्चला भाग पाडले. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकणे अमान्य केले, आणि मे २०१९ मध्ये रोमला केवळ परूश्यांवर एक परिषद भरली. तिच्या निमंत्रितांपुढे पोप फ्रान्सिस यांनी या पूर्वग्रहाचा स्पष्ट उल्लेख केला. स्वतः पोपच्या रोजच्या प्रवचनांत परूशी तरीही पुष्कळदा कठोर, ताठर माणसाचा नमुना म्हणूनच येत राहिला, हे सांगायला हवे. सवय दस्तऐवजाने जात नाही.

परूश्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचाही माझा बेत नाही. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलमध्ये गेले. तिथे काही रब्बी त्यांची लग्ने लावायला तयार होईनात. इतक्या शतकांच्या तुटलेपणात यांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह रब्बींच्या नियमांप्रमाणे झाले असतील कशावरून, अशी ती शंका. १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने विवाहाला तत्त्वतः मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी अशी सूचना काढली की लग्नाआधी त्यांची वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासावी. कोकणातून शब्बाथ सांभाळत आलेल्या माणसांना ही तपासणी अपमानाची वाटली. १९६४ मध्ये ते निदर्शनांना बसले, प्रश्न संसदेत गेला, आणि अखेर सूचनेतून त्यांचे नाव वगळण्यात आले. मिशनऱ्यांनी ज्याला परूशीपणा म्हटले असते तो इथे खराखुरा दिसतो, आणि त्याचा ताप ज्यांना झाला ते मराठी लोक होते. पण त्याच वादात बेने इस्राएलांच्या बाजूने निर्णय देणारे रब्बीही होते, आणि दोन्ही पक्षांनी दाखले दिले ते मिश्ना-तालमुदाचेच. संशयाचा फायदा माणसाला द्यायचा की नियमाला, हा प्रश्न त्या ग्रंथांत पहिल्या पानापासून धगधगत आहे. म्हणून पहिले प्रकरण शुभवर्तमानांपासून सुरू केलेले नाही. ते मिश्नेपासून सुरू होते, आणि येशू तिसऱ्या प्रकरणात येतो.

विंचूर, जि. नाशिक